सोमवारची सुरुवात आणि खेळाडूंची तयारी

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. आठवड्याची सुरुवात उत्साहाने व्हावी म्हणून आपण सोमवारी सकाळी खेळाडूंच्या प्रेरक चित्रफिती पाहता आणि त्यांची भाषणे ऐकता. त्याने अंगात वारे शिरल्यासारखे होते, पण टेबलाशी बसल्यावर तासाभरातच हुरूप ओसरतो आणि मरगळ आधीपेक्षा जड वाटू लागते. आपल्या हाताखाली आठ-दहा जण काम करतात, त्यांच्यासाठी सामन्याआधीच्या भाषणासारखी एखादी सोमवारची बैठक सुरू करावी का, असेही आपण विचारले आहे. खेळाडूंच्या मानसिक तयारीचे आणि पुढे कार्यालयीन नोकरदारांना मार्गदर्शन करण्याचे काम मी बरीच वर्षे करत आले आहे, त्या अनुभवाच्या आणि उपलब्ध संशोधनाच्या आधारे उत्तर देते.

खेळातून सोमवारसाठी घेण्यासारखे पुष्कळ आहे, मात्र चित्रफितीत जे दिसते ते सहसा त्यात मोडत नाही. आपल्याला दिसतो तो निकाल लागण्याचा क्षण. ठरावीक वेळेची झोप, आदल्या रात्री भरून ठेवलेली बॅग, मैदानात पाऊल टाकल्यावर पहिल्या दहा मिनिटांत काय करायचे याचा पाठ झालेला क्रम, या गोष्टी कॅमेऱ्यात येत नाहीत आणि आल्याच तरी कंटाळवाण्या दिसतात. ज्या खेळाडूंबरोबर मी काम केले त्यांच्यातले बहुतेक जण सकाळी उत्साहाने उसळत वगैरे उठत नाहीत. सरावाला जाण्याचा कंटाळा त्यांनाही येतो. फरक एवढाच की ‘आज मन आहे का’ हा प्रश्न ते स्वतःला विचारत बसत नाहीत, कारण त्याचे उत्तर काहीही आले तरी बूट चढवायचेच असतात, आणि अंग गरम झाले की मनही बहुधा मागोमाग येते.

चित्रफितींचा परिणाम का टिकत नाही, हे आधी नीट समजून घेतले पाहिजे. जोशपूर्ण संगीत आणि आवाजाने होते ते असे की शरीर उत्तेजित होते, नाडी वाढते, हालचाल करावीशी वाटते. वजन उचलायचे असेल किंवा शंभर मीटर धावायचे असेल तर ही अवस्था उपयोगी आहे. पण सोमवारी सकाळी आपल्याला हिशेब तपासायचा असतो, एखाद्या अडचणीच्या पत्राला उत्तर लिहायचे असते किंवा तीन जणांच्या परस्परविरोधी मागण्यांतून मार्ग काढायचा असतो. रॉबर्ट यर्कीज आणि जॉन डॉडसन यांनी १९०८ मध्ये उंदरांवर केलेल्या प्रयोगांतून असे दिसले होते की काम सोपे असेल तर तीव्र उद्दीपन चालते, पण काम जितके अवघड तितके मध्यम उद्दीपनच फायद्याचे ठरते. उंदरांवरून माणसांविषयी किती सांगावे यावर पुढे बराच वाद झाला, तरी खेळाच्या सरावात हा फरक रोज दिसतो. भारोत्तोलक मंचावर येण्याआधी स्वतःला अक्षरशः चेतवतो, तर नेमबाज आपली नाडी खाली आणण्याच्या खटपटीत असतो. कार्यालयातले बरेचसे काम नेमबाजीच्या जातीचे आहे. म्हणूनच भारोत्तोलकाची सकाळ त्याला लावली की बसल्याजागी पाय हलत राहतात आणि फाइल मात्र उघडत नाही.

दुसरे कारण अधिक सूक्ष्म आहे. गॅब्रिएल एटिंगेन आणि हेदर कापेस यांच्या २०११ मधील प्रयोगांत असे आढळले की सर्व काही मनासारखे घडून गेल्याची सुखद कल्पना रंगवणाऱ्यांच्या अंगातली ऊर्जा उलट कमी होते, कारण मनाने यशाचा आस्वाद आधीच घेतलेला असतो. सोमवारी सकाळी दुसऱ्याच्या विजयाचा जल्लोष पाहताना आपणही थोडा जल्लोष करून घेतो, आणि मग समोरची फाइल त्या मानाने फारच बेचव लागते. एटिंगेन यांचा त्यावरचा उपाय साधा आहे. इच्छित परिणाम डोळ्यांसमोर आणावा आणि लगेच त्याच्या आड येणारी खरीखुरी अडचणही डोळ्यांसमोर आणावी. ‘अहवाल बुधवारी पूर्ण होईल’ एवढ्यावर न थांबता ‘पण दुसऱ्या विभागाचे आकडे अजून आलेले नाहीत’ हे वाक्यही मनात आले की पहिले काम काय आहे ते आपोआप कळते, ते म्हणजे आकडे मागवणे.

मोठे प्रशिक्षक खेळाडूंशी प्रत्यक्षात काय बोलतात, याची एक चांगली नोंद उपलब्ध आहे. अमेरिकेतील यूसीएलए विद्यापीठाच्या बास्केटबॉल संघाने जॉन वुडन यांच्या मार्गदर्शनाखाली १९६४ ते १९७५ या बारा वर्षांत दहा राष्ट्रीय विजेतेपदे मिळवली. रोलंड थार्प आणि रोनाल्ड गॅलिमोर या दोन मानसशास्त्रज्ञांनी त्यांच्या अखेरच्या हंगामातील सरावसत्रांना बसून प्रशिक्षकाचे प्रत्येक बोलणे वर्गवार टिपले आणि १९७६ मध्ये ते निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यात सुमारे तीन चतुर्थांश बोलणे निव्वळ माहितीचे होते, म्हणजे काय करायचे, कसे करायचे आणि कधी करायचे. कौतुकाचा वाटा सात टक्क्यांहूनही कमी होता आणि नाराजीचाही जवळपास तेवढाच. हंगामाच्या पहिल्या दिवशी वुडन खेळाडूंना मोजे आणि बूट कसे घालायचे ते शिकवत, कारण मोज्याला सुरकुती राहिली की पायाला फोड येतो आणि फोड आला की सराव बुडतो. एवढी विजेतेपदे मिळवणारा माणूस हंगामाची सुरुवात मोज्यापासून करतो, ही मला कोणत्याही भाषणापेक्षा जास्त कामाची गोष्ट वाटते.

आता सोमवारकडे वळू. सोमवार जड जातो त्याला मनाइतकेच शरीरही जबाबदार असते, आणि याकडे प्रेरणेविषयी बोलणारे बहुतेक जण दुर्लक्ष करतात. सुट्टीच्या दोन दिवसांत आपण दीड-दोन तास उशिरा झोपतो आणि तितकेच उशिरा उठतो. त्यामुळे शरीराचे आतले घड्याळ मागे पडते आणि सोमवारी गजर वाजतो तेव्हा शरीराच्या हिशेबाने अजून रात्रच असते. टिल रोनेबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ मध्ये या अवस्थेला ‘सामाजिक जेट लॅग’ असे नाव दिले, जेट लॅग म्हणजे लांबच्या विमानप्रवासाने झोपेची घडी बिघडणे. खंड ओलांडून स्पर्धेला जाणारा खेळाडू अशा वेळी स्वतःला आळशी म्हणत नाही, त्याचा संघ दोन-तीन दिवस आधी पोहोचून झोपेचे वेळापत्रक सावकाश बदलतो. आपल्याला एवढे करण्याची गरज नाही. सुट्टीच्या दिवशी उठण्याची वेळ नेहमीपेक्षा तासाभराहून अधिक सरकू देऊ नये आणि सोमवारी उठल्यावर लवकरात लवकर उजेडात जावे, कारण मागे पडलेले आतले घड्याळ पुन्हा जुळवण्याचे सर्वांत प्रभावी साधन सकाळचा प्रकाश हेच आहे. उठल्यानंतरची पहिली पंधरा ते तीस मिनिटे डोके जड असणे अगदी स्वाभाविक आहे. त्या अर्ध्या तासात स्वतःच्या उत्साहाचे मोजमाप करून ‘आजचा दिवस गेलाच’ असा निकाल देऊन टाकू नये.

सोमवारची खरी तयारी शुक्रवारी होते. मी ज्यांना मार्गदर्शन करते त्यांना शुक्रवारचे शेवटचे पाव तास एका कागदासाठी राखून ठेवायला सांगते. त्या कागदावर तीनच गोष्टी असतात, चालू काम कुठे थांबले आहे, सोमवारी त्याचा पहिला हात कुठे लागणार आहे, आणि त्यात अडथळा आला तर काय करायचे. एकीने लिहिलेला कागद तिच्या परवानगीने इथे देते: ‘तिमाही अहवाल. पान चारवरचा खर्चाचा तक्ता अर्धा भरला आहे, शेवटच्या महिन्याचा रकाना रिकामा. सोमवारी साडेनऊला संगणक सुरू झाला की ईमेल न उघडता हीच फाइल उघडायची आणि तो रकाना भरायचा. आकडे आले नसतील तर लेखा विभागाला फोन करायचा आणि तोवर पान पाचवरची टिपणी लिहायची.’ यात ध्येय, स्वप्न, जिद्द यांतले काहीच नाही, आणि तसे नसणे हाच या कागदाचा गुण आहे. ‘अहवालावर काम करणे’ असे लिहिले असते तर सोमवारी सकाळी कुठून सुरू करावे हा निर्णय तिला जड डोक्याने घ्यावा लागला असता आणि त्या निर्णयाच्या आडोशाला चालढकल बिनबोभाट बसली असती.

‘अमुक झाले की मी तमुक करेन’ अशा स्वरूपात बांधलेल्या बेताचा अभ्यास पीटर गॉलवित्झर यांनी १९९० च्या दशकापासून केला आहे. त्यांनी आणि पास्कल शीरन यांनी २००६ मध्ये ९४ अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला, तेव्हा नुसता निश्चय करणाऱ्यांपेक्षा वेळ, जागा आणि कृती आधीच जोडून ठेवणाऱ्यांच्या हातून काम पुरे होण्याचे प्रमाण लक्षणीयरीत्या अधिक आढळले. शुक्रवारच्या कागदाचा आणखी एक लाभ रविवारी रात्री मिळतो. मायकेल स्कलिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये केलेल्या प्रयोगात झोपण्याआधी पाच मिनिटे पुढच्या कामांची यादी लिहिणाऱ्यांना, झालेल्या कामांविषयी लिहिणाऱ्यांपेक्षा सरासरी नऊ मिनिटे लवकर झोप लागली, आणि यादी जितकी नेमकी तितकी झोप लवकर लागली. रविवारी संध्याकाळी पोटात गोळा येतो त्यामागे बरेचदा कामाचा डोंगर नसतो, तर तो डोंगर नेमका किती आहे हे ठाऊक नसणे असते.

आता सोमवारच्या पहिल्या अर्ध्या तासाविषयी जरा सविस्तर लिहिते, कारण खेळातून घेण्यासारखी सर्वांत मोलाची गोष्ट इथेच आहे. नेमबाजाला एक गोळी झाडताना जवळून पाहिले तर दिसते की तो दर वेळी तेच आणि त्याच क्रमाने करतो. पाय ठेवण्याची जागा, कंबरेचा कल, रायफलचा दस्ता खांद्याला टेकवणे, गाल त्यावर ठेवणे, एक पूर्ण श्वास आणि मग अर्धा, नजर नेम धरायच्या साइटवर, चापावर बोटाचा पहिला दाब. काही बिनसल्यासारखे वाटले तर तो रायफल खाली घेतो आणि पुन्हा पायांपासून सुरुवात करतो. या क्रमाचा उपयोग असा की ‘सुवर्णपदक’ हा विचार शिरायला मनात जागाच उरत नाही. २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये दहा मीटर एअर रायफलच्या अंतिम फेरीत शेवटच्या गोळीआधी अभिनव बिंद्रा आणि फिनलंडचा हेन्री हॅकिनेन यांचे गुण समान होते. बिंद्राने १०.८ गुणांची गोळी मारली, तर हॅकिनेनची ९.७ वर गेली आणि तो तिसऱ्या क्रमांकावर घसरला. भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक सुवर्ण होते. तारीख होती ११ ऑगस्ट, आणि आपल्या विषयाला धरून सांगायचे तर तो वार सोमवार होता.

क्रम पक्का असण्याचा फायदा संकटात अधिक दिसतो. त्याच ऑलिंपिकमध्ये दोनशे मीटर बटरफ्लाय जलतरण शर्यतीत मायकेल फेल्प्सच्या गॉगलमध्ये पाणी शिरले आणि अखेरच्या टप्प्यात त्याला समोरची भिंत दिसेनाशी झाली. एका लांबीला हाताचे किती फटके लागतात हे त्याला पक्के ठाऊक होते, म्हणून तो फटके मोजत पोहला आणि १ मिनिट ५२.०३ सेकंदांच्या विश्वविक्रमासह जिंकला. त्या क्षणी त्याला धीर देणारे वाक्य कोणी ऐकवले असते तरी ते गॉगलमधल्या पाण्याला पुरे पडले नसते.

आपला क्रम याहून पुष्कळ साधा असेल, पण तो ठरलेला असावा. जागेवर बसण्याआधी पाच-सात मिनिटे चालणे किंवा जिने चढणे, पाणी भरून ठेवणे, फोन हाताच्या टप्प्याबाहेर ठेवणे, शुक्रवारचा कागद वाचणे आणि त्यावरची पहिली कृती सुरू करणे. मॅनहाइम विद्यापीठातील सबिने झोनेनटाग यांनी कामापासून मन सुटण्याचा आणि पुन्हा जोडले जाण्याचा दीर्घकाळ अभ्यास केला आहे. याना क्यूनेल यांच्यासह २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात त्यांना असे दिसले की काम सुरू करण्याआधी मनातल्या मनात त्याची उजळणी करणारी माणसे त्या दिवशी कामात अधिक रमतात. सुट्टीत कामाचा विचार पूर्ण बाजूला ठेवणे जितके आवश्यक, तितकेच सोमवारी सकाळी त्याला जाणीवपूर्वक परत बोलावणेही आवश्यक आहे. शुक्रवारचा कागद हे दोन्ही साधतो. संगीत ऐकायचे असेल तर ते या चालण्याच्या वेळात जरूर ऐकावे, कारण शरीर हलते ठेवायला त्याची चांगली मदत होते. लिहिण्या-वाचण्याचे काम सुरू झाले की ते बंद करावे, विशेषतः गाण्याला शब्द असतील तर.

सोमवारी सकाळीच एखादे सादरीकरण असेल आणि धडधड होत असेल, तर मात्र ती दाबण्याच्या नादी लागू नये. ॲलिसन वुड ब्रूक्स यांच्या २०१४ मधील प्रयोगांत गाण्याआधी किंवा भाषणाआधी ‘मी शांत आहे’ असे स्वतःला बजावणाऱ्यांपेक्षा ‘मला उत्सुकता वाटते आहे’ असे मोठ्याने म्हणणाऱ्यांची कामगिरी सरस ठरली. धडधड तीच राहते, तिच्याकडे पाहण्याची दृष्टी बदलते.

कसोटी क्रिकेटमधील सलामीवीराकडून एक गोष्ट जशीच्या तशी उचलण्यासारखी आहे. चेंडू नवा असतो, खेळपट्टीत ओल असते, गोलंदाज ताजे असतात, म्हणून तो पहिल्या तासात किती धावा केल्या याला फारसे महत्त्व देत नाही आणि ऑफ स्टंपबाहेरचे बरेच चेंडू नुसते सोडून देतो. सोमवारी सकाळी ईमेलच्या पेटीत दोन दिवसांचे साचलेले जे काही येते, त्यातले पुष्कळसे सोडून देण्याजोगेच असते. प्रत्येकाला बॅट लावायला गेलो तर पहिला तास भरपूर हालचालीचा दिसतो आणि हाती काही लागत नाही. या संदर्भात मला सचिन तेंडुलकरची जानेवारी २००४ मधील सिडनीची खेळी आठवते. त्या मालिकेत ऑफ स्टंपबाहेरच्या चेंडूवर ड्राइव्ह करताना तो बाद होत होता. सिडनीत त्याने कव्हर ड्राइव्ह जवळजवळ वर्ज्यच केला आणि दहा तासांहून अधिक काळ फलंदाजी करून ४३६ चेंडूंत नाबाद २४१ धावा केल्या. त्या खेळीत त्याच्या फटक्यांत नवी भर पडली नव्हती, उलट भात्यातला सर्वांत देखणा फटका त्याने स्वतःहून काढून ठेवला होता. आपला ‘कव्हर ड्राइव्ह’ कोणता, म्हणजे करायला आवडते पण ज्याच्यापायी सोमवारची सकाळ हातची जाते अशी कोणती गोष्ट आहे, हे शोधावे आणि पहिल्या दोन तासांसाठी तेवढी बंद ठेवावी. बहुतेकांच्या बाबतीत ती गोष्ट इतरांच्या प्रश्नांना ताबडतोब उत्तरे देणे ही असते, कारण त्यात कामसू असल्याचे समाधान फुकट मिळते.

ध्येये कशी मांडावीत याविषयी थोडक्यात सांगते, कारण हा भाग आपल्या वाचनात आला असेलच. खेळात निकालाचे ध्येय (जिंकणे), कामगिरीचे ध्येय (स्वतःचा आकडा सुधारणे) आणि प्रक्रियेचे ध्येय (हातातली कृती नीट करणे) असे तीन प्रकार मानले जातात आणि प्रत्यक्ष खेळताना तिसऱ्यावर लक्ष ठेवायला शिकवले जाते. सोमवारसाठीही ‘या आठवड्यात ग्राहक मिळवायचा’ यापेक्षा ‘आज बारापर्यंत तीन जुन्या ग्राहकांना फोन करायचे’ हे वाक्य उपयोगी पडते. फोन करून नकार आला तर काय, असे कोणी विचारते तेव्हा मी रॉजर फेडररचा दाखला देते. त्याने २०२४ मध्ये डार्टमथ कॉलेजच्या दीक्षान्त भाषणात सांगितले होते की कारकिर्दीतील १,५२६ एकेरी सामन्यांपैकी जवळजवळ ८० टक्के त्याने जिंकले, परंतु एकूण गुणांपैकी त्याच्या वाट्याला केवळ ५४ टक्के आले. जगातला सर्वोत्तम खेळाडूही जवळपास निम्मे गुण गमावतो, आणि गमावलेला गुण पुढच्या सर्व्हिसपर्यंत सोबत नेत नाही.

‘नवा आठवडा, नवी सुरुवात’ या कल्पनेत तथ्य आहे, पण ती सर्वांना लागू नाही. हेंगचेन दाय, कॅथरिन मिल्कमन आणि जेसन रीस यांनी २०१४ मध्ये दाखवले की आठवडा, महिना, वर्ष किंवा सत्र यांच्या आरंभी लोक व्यायामशाळेकडे आणि आहारनियमांकडे अधिक वळतात, कारण जुने अपयश ‘त्या वेळच्या माझ्या’ नावावर टाकून मोकळे होता येते. एवढाच भाग सगळीकडे सांगितला जातो. त्याच दाय यांनी २०१८ मध्ये अमेरिकेतील मेजर लीग बेसबॉलच्या खेळाडूंचा अभ्यास केला. तिथे दोन लीग आहेत, आणि हंगामाच्या मध्यात खेळाडू दुसऱ्या लीगमध्ये गेला तर त्याची हंगामातली आकडेवारी शून्यापासून सुरू होत असे, त्याच लीगमधल्या दुसऱ्या संघात गेला तर जुनी आकडेवारी पुढे चालू राही. आकडेवारी पुसली गेल्यावर आधी ज्यांचा खेळ वाईट चालला होता ते सुधारले, परंतु ज्यांचा चांगला चालला होता त्यांची कामगिरी खालावली. म्हणून गेला आठवडा फसला असेल तर सोमवारी पाटी जरूर कोरी करावी. मात्र गेल्या आठवड्यात कामाने वेग पकडला असेल, तर नव्या सुरुवातीचे नावही काढू नये. शुक्रवारी जिथे होतो तिथूनच पुढे जावे, कागदावरची जुनी नोंद समोर ठेवावी, आणि सोमवारला बुधवारसारखाच एक दिवस मानावे. आपल्यासारख्या उत्साही माणसांकडून दर सोमवारी नवी वही, नवी पद्धत आणि नवा संकल्प सुरू होतो आणि आधीच्या आठवड्यात जमलेली घडी विनाकारण मोडली जाते, हे मी वारंवार पाहिले आहे.

कामाच्या भाराविषयीही एक समज दूर केला पाहिजे. शनिवार-रविवारी सामना खेळणारे व्यावसायिक फुटबॉल संघ त्यानंतरचा दिवस बहुधा हलक्या हालचालींना, उपचारांना किंवा विश्रांतीला देतात, सर्वांत कस लावणारा सराव आठवड्याच्या मध्याला ठेवतात आणि सामना जवळ आला की भार पुन्हा उतरवतात. सहनशक्तीच्या खेळांत स्टीफन सायलर यांनी अव्वल खेळाडूंच्या सरावाची पाहणी केली तेव्हा सुमारे ८० टक्के सराव कमी तीव्रतेचा आढळला. ‘सोमवारी तुटून पडा’ असे ज्यांच्या छायाचित्रांखाली लिहिलेले असते, ते खेळाडू स्वतः त्या दिवशी तुटून पडत नाहीत, ही त्यातली गंमत आहे. आपला शनिवार-रविवार विश्रांतीत गेला असेल तर गोष्ट वेगळी, पण तरीही सोमवारी एकच एकाग्रतेचे काम आणि बाकीची जुळवाजुळव, मंगळवार ते गुरुवार अवघड कामे, असा आठवडा मला बहुतेकांसाठी अधिक टिकाऊ दिसला आहे.

आता आपल्या बैठकीविषयी. भाषणासारखी बैठक सुरू करू नये, असे माझे मत आहे. बॅरी स्टॉ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शाळा-महाविद्यालयांच्या बास्केटबॉल संघांतील मध्यंतराच्या बोलण्यांचा अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध केला. त्यात प्रशिक्षकाच्या नाराजीने उत्तरार्धातला खेळ काही मर्यादेपर्यंत सुधारला आणि नाराजी टोकाला गेल्यावर तो बिघडला. पण तिथे खेळाडू लगेच पंधरा-वीस मिनिटांसाठी मैदानात धावतात, आपले सहकारी पाच दिवसांसाठी खुर्चीत बसतात. दर सोमवारी जोशपूर्ण बोलणारा प्रमुख तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात थट्टेचा विषय होतो, आणि ज्याच्या घरी रात्रभर आजारपण होते त्याला टाळ्या वाजवायला लावणे क्रूरही ठरते. शिवाय सर्वांनाच खेळाची आवड नसते. ‘मॅच’, ‘विकेट’, ‘षटकार’ अशा भाषेने काहींना हुरूप येतो, तर काहींना आपण बाहेरचे आहोत असे वाटते.

त्याऐवजी पंधरा मिनिटांची बैठक घ्यावी, तीही सकाळी अगदी पहिल्यांदा नव्हे, तर प्रत्येकाची पहिली कृती हातावेगळी झाल्यावर, साधारण साडेदहा-अकराला. संघ जसे मागच्या सामन्याचे चित्रण एकत्र पाहतात, तसा गेल्या आठवड्यातला एकच प्रसंग घ्यावा, त्यात कोणती कृती जमली किंवा फसली ते दोषारोप न करता पाहावे, आणि मग प्रत्येकाने या आठवड्यात आपल्याला कोणाकडून काय हवे आहे तेवढेच सांगावे. एका कचेरीत प्रमुखांनी हा बदल केला तेव्हा पहिल्याच बैठकीत एक कनिष्ठ कर्मचारी म्हणाला की मंजुरीचा कागद गुरुवारी मिळतो, तो मंगळवारी मिळाला तर त्याचे दोन दिवस वाचतील. आधीच्या स्फूर्तिदायक सोमवारांत त्याला हे सांगायला जागाच मिळाली नव्हती. वुडन यांच्या नोंदीतले प्रमाण इथेही लक्षात ठेवावे: बोलणे बहुतांशी माहितीचे असावे.

एक मर्यादा स्पष्ट करते. वरचे सगळे उपाय साधारण सोमवारच्या मरगळीसाठी आहेत. रविवारी दुपारपासूनच छातीत धडधड होणे, झोप उडणे, आठवडाभर तोच विषण्णपणा राहणे, पूर्वी आवडणाऱ्या गोष्टींतही मन न लागणे, असे काही आठवडे सलग चालले असेल तर तो वाराचा दोष नव्हे आणि त्यावर क्रम किंवा कागद पुरेसा नाही. दुखापत झालेल्या खेळाडूला आपण सरावाचे वेळापत्रक देत नाही, डॉक्टरांकडे पाठवतो. तसेच इथेही डॉक्टर किंवा मानसोपचारतज्ज्ञ यांचा सल्ला घ्यावा. कामाचा भार, वरिष्ठांची वागणूक किंवा अपुरे मनुष्यबळ हे मूळ असेल तर ते त्या ठिकाणीच सोडवावे लागते, सकाळच्या शिस्तीने ते झाकले जाते, एवढेच.

हे किती दिवसांत अंगवळणी पडेल, हा प्रश्न आपण विचारलेला नाही, पण पुढचा तोच असतो. फिलिपा लॅली यांनी लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये ९६ जणांवर केलेल्या आणि २०१० मध्ये छापून आलेल्या अभ्यासात एखादी साधी कृती सहजपणे होऊ लागायला साधारणपणे ६६ दिवस लागले, पण कोणाला १८, तर कोणाला २५४ दिवसांचा अंदाज निघाला. एखादा दिवस चुकल्याने फारसे बिघडले नाही, हेही त्यात दिसले. मात्र ती माणसे ती कृती रोज करत होती. फक्त सोमवारी करायची सवय लावायची ठरवली तर वर्षाला जेमतेम ५२ वेळा सराव होतो आणि मधल्या सहा दिवसांत धागा सुटतो. म्हणून पहिल्या अर्ध्या तासाचा क्रम कामाच्या पाचही दिवशी तोच ठेवा, आणि दिवस संपताना पुढच्या दिवसाची पहिली कृती एका ओळीत लिहून ठेवा. मंगळवारपासून सुरू केलेत तरी चालेल, उलट तेच बरे, कारण मंगळवारकडून कोणाच्या फारशा अपेक्षा नसतात. पहिले दोन आठवडे बैठकीला हात लावू नका. आपला स्वतःचा क्रम बसला की मग सहकाऱ्यांशी बोला.